मार्गदर्शक श्वानाशी विश्वासाचे नाते कसे जोडावे

अंध व्यक्तीला वाट दाखवणारा मार्गदर्शक श्वान मिळाला की तो आपल्याला हव्या त्या ठिकाणी नेऊन पोहोचवील, ही समजूत फार पसरलेली आहे, आणि नव्या जोडीत सुरुवातीला जे रुसवेफुगवे होतात त्यांतले बरेचसे या एका समजुतीतून निघतात. तुम्ही कुठे निघाला आहात हे कुत्र्याला ठाऊक नसते. तिसऱ्या वळणावर डावीकडे जायचे की सरळ, हे तुम्ही मनात ठेवायचे असते आणि ते वळण आले की तुम्हीच सांगायचे असते. कुत्र्याच्या वाट्याला येते ते पुढच्या काही पावलांचे काम: खड्डा टाळणे, खांबाला वळसा घालणे, पायरीपाशी आणि पदपथाच्या कडेपाशी थांबणे, गर्दीतून दोघे मावतील एवढी वाट शोधणे. रोजचे रस्ते त्याच्या अंगवळणी पडतात आणि नेहमीच्या दारापाशी तो आपणहून वळतोही. पण ती झाली सवय, तिच्यावर प्रवास बेतू नये.

कुत्रा सिग्नलचा दिवा पाहून रस्ता ओलांडून देतो, हाही असाच गैरसमज आहे. कुत्र्याला निळा आणि पिवळा हे रंग वेगळे ओळखता येतात. लाल आणि हिरवा यांतला फरक त्याला डोळस माणसासारखा दिसत नाही, आणि दिव्याचा अर्थ लावण्याचे शिक्षण त्याला दिलेलेही नसते. रस्ता कधी ओलांडायचा हे वाहनांच्या आवाजावरून माणूस ठरवतो आणि ‘पुढे’ अशी आज्ञा देतो. कुत्र्याकडे त्यापुढचा एक अधिकार राखून ठेवलेला असतो, तो म्हणजे धोका दिसल्यास ती आज्ञा न पाळण्याचा. दोघांच्या नात्यातला सगळा विश्वास या वाटणीवर उभा आहे, म्हणून कोणती गोष्ट कुत्र्यावर सोपवायची आणि कोणती कधीच सोपवायची नाही, हे हार्नेस, म्हणजे कुत्र्याच्या अंगावरचा ताठ हँडल असलेला पट्ट्यांचा साज, हातात घेण्यापूर्वीच मनाशी पक्के असावे.

याच कारणाने चांगल्या प्रशिक्षण संस्था अर्जदाराला पांढरी काठी घेऊन एकट्याने फिरण्याचा सराव आहे की नाही, हे आधी पाहतात. ही अट काहींना जाचक वाटते. मला ती अगदी रास्त वाटते. चालता चालता माणसाची दिशा चुकली आणि तो बावरला, तर ते बावरणे हातातून हँडलमध्ये आणि हँडलमधून कुत्र्यापर्यंत जाते, आणि मग दोघांपैकी कोणालाच पुढे काय करावे ते सुचत नाही. काठीचा सराव कुत्रा आल्यावरही सोडू नये. कुत्रा आजारी पडतो, त्याचा पाय दुखावतो, त्याला विश्रांती द्यावी लागते, आणि ज्याला काठीने जाता येते तो अशा दिवशी त्याला बळेच कामाला जुंपत नाही.

जोडी जुळण्यापूर्वी

संस्था तुमची मुलाखत घेते तेव्हा खरे बोलावे, हा पहिला सल्ला वरवर पाहता अनावश्यक वाटेल, पण इथेच अनेक जण चुकतात. चालण्याचा वेग विचारला की माणूस आपल्या उमेदीतला वेग सांगतो. रोज किती चालता असे विचारले की चालायला हवे तेवढे अंतर सांगतो. मग त्या वेगाचा, त्या ताकदीचा कुत्रा मिळतो, आणि पुढची काही वर्षे एकाने ओढायचे व दुसऱ्याने मागून फरफटत जायचे, असा प्रकार होतो. मुलाखतीच्या वेळी प्रशिक्षक अनेकदा स्वतः हार्नेसचे कुत्र्याकडचे टोक धरून तुमच्याबरोबर चालतो. त्या फेरीत त्याला तुमचा वेग, हाताला सोसणारी ओढ, तोल आणि आवाजाचा पोत कळतो. त्या वेळी छाप पाडण्याच्या भरीस न पडता नेहमीसारखे चालावे, आणि घरात लहान मुले असतील, कामाच्या जागी दिवसभर शांत बसावे लागत असेल किंवा गर्दीच्या वाहनातून रोज जावे लागत असेल, तर तेही आपणहून सांगावे.

दुसरी लक्षात घेण्याची गोष्ट म्हणजे कुत्र्याचे पूर्वायुष्य. मार्गदर्शक श्वान बहुधा लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, या दोहोंचा संकर किंवा जर्मन शेफर्ड असतो. साधारण दोन महिन्यांचे पिल्लू एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात जाते आणि वर्षभर किंवा त्याहून थोडे अधिक काळ तिथे वाढते. नंतर काही महिने ते प्रशिक्षकाच्या हाताखाली काम शिकते. आणि मग ते तुमच्याकडे येते. म्हणजे तुमच्याकडे येईपर्यंत त्याने निदान दोनदा जीव लावलेला असतो आणि दोनदा ते माणूस त्याच्यापासून दूर गेलेले असते. प्रशिक्षण केंद्रातल्या पहिल्या दिवसांत प्रशिक्षकाचा आवाज आला की कुत्रा तिकडे मान वळवतो, तुमची आज्ञा ऐकून न ऐकल्यासारखे करतो, दाराकडे तोंड करून बसून राहतो. हा तुमचा अपमान नाही आणि तुमच्याविषयीचा कौलही नाही. त्याला अजून तुम्ही परके आहात, एवढाच त्याचा अर्थ.

ही पद्धत सुरू होऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी 1916 साली जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे मार्गदर्शक श्वानांची शाळा निघाली. स्वित्झर्लंडमध्ये श्वान प्रशिक्षण केंद्र चालवणाऱ्या डोरोथी हॅरिसन युस्टिस या अमेरिकी महिलेने जर्मनीतील हे काम पाहून 1927 मध्ये त्यावर लेख लिहिला. तो कानावर पडताच मॉरिस फ्रँक या अंध तरुणाने तिला पत्र पाठवले, आणि 1928 मध्ये तो स्वित्झर्लंडला जाऊन बडी नावाच्या जर्मन शेफर्ड कुत्रीसह अमेरिकेत परतला. न्यूयॉर्कमधला भरधाव वाहतुकीचा रुंद रस्ता त्याने बातमीदारांच्या देखत बडीच्या साथीने ओलांडला, त्याची वर्तमानपत्रांतून खूप चर्चा झाली आणि पुढच्या वर्षी, 29 जानेवारी 1929 रोजी, अमेरिकेतील पहिली मार्गदर्शक श्वान शाळा नॅशव्हिल येथे स्थापन झाली. बातमीदारांनी पाहिला तो फक्त तो रस्ता. त्याआधी स्वित्झर्लंडमधल्या गल्लीबोळांतून या दोघांनी केलेला सराव त्यांना दिसला नव्हता, आणि नव्याने जोडी जुळवणाऱ्याने डोळ्यांपुढे ठेवायचा असेल तर तो सराव ठेवावा.

पहिले काही आठवडे

जोडीचे एकत्र प्रशिक्षण सामान्यतः दोन ते चार आठवडे चालते, परंतु त्याच्या शेवटी जोडी तयार झाली असे मानू नये. एकमेकांच्या सवयी पुरत्या कळून चालणे सहज व्हायला सहा महिने ते वर्ष लागते, असे अनुभवी प्रशिक्षक सांगतात, आणि त्यात एखादा महिना असाही येतो की सगळे शिकलेले पुसले गेल्यासारखे वाटते. घरी आल्यानंतर काही आठवड्यांनी कुत्रा तुमची परीक्षा पाहू लागतो, तेव्हा हे हमखास घडते.

या काळात कुत्र्याचे खाणे, पाणी, बाहेर नेणे, ब्रश करणे आणि खेळणे ही सर्व कामे तुम्ही स्वतः करावीत. घरच्यांना हे कठोर वाटेल. प्रेमाने दिलेला एक घास काय बिघडवणार, असे ते म्हणतील. परंतु पोट भरणारा हात, बाहेर नेणारा हात आणि हँडल धरणारा हात एकच आहे, हे कुत्र्याच्या मनावर बिंबायला हवे, आणि त्यासाठी सुरुवातीला तरी घरातील इतरांनी त्याला आज्ञा देऊ नयेत व खाऊ घालू नये. घरात वावरताना पहिले काही दिवस त्याचा पट्टा आपल्या हाताशी ठेवावा, रात्री त्याचे अंथरूण आपल्या पलंगाजवळ असावे. तुमच्या श्वासाची, चालीची आणि झोपेची त्याला अशाने सवय होते, आणि तो कधी कुशीवर वळला, कधी उठून बसला हे तुम्हालाही ऐकूनच ओळखू येऊ लागते.

ब्रश करण्याच्या कामाकडे अनेक जण केवळ स्वच्छतेचे काम म्हणून पाहतात. अंध व्यक्तीच्या दृष्टीने ती रोजची तपासणी आहे. डोक्यापासून सुरुवात करून हात मानेवरून, छातीवरून, पोटाखालून शेपटीपर्यंत न्यावा. कानाची पाळी उलटून आत वास घ्यावा, कारण कानाचा संसर्ग बहुधा आधी नाकालाच कळतो. मग एकेक पंजा हातात घेऊन बोटांच्या मधल्या बेचक्यांत काही रुतले आहे का, गादी चिरली आहे का, हे चाचपावे. अंगावर नवी गाठ आली, एखाद्या जागी हात लागताच कुत्र्याने अंग चोरले किंवा हार्नेसचा पट्टा घासतो तिथले केस विरळ झाले, तर ते डोळस माणसाच्याही आधी तुम्हाला कळते. रोज दहा-पंधरा मिनिटे असे हाताळून घेतलेला कुत्रा पुढे पशुवैद्याकडेही शांत उभा राहतो.

शौचाला नेण्याची पद्धतही आधी नीट शिकून घ्यावी, कारण याची धास्ती अनेकांना कुत्रा घेण्यापासूनच परावृत्त करते. हार्नेस काढून, फक्त पट्टा धरून, ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी कुत्र्याला न्यावे आणि ठरलेला शब्द उच्चारावा. तो स्थिर झाला की पट्ट्यावरून हात सरकवत त्याच्या पाठीवर हलकेच ठेवावा. पाठ कमानीसारखी वर उचललेली असेल तर तो शौचाला बसला आहे. तसे नसेल तर लघवी करतो आहे. शौचाला बसलेला असल्यास आपले पाऊल त्याच्या मागच्या पायांच्या जवळ टेकवून जागा धरून ठेवावी, कुत्रा बाजूला झाल्यावर हातात उलटी पिशवी घालून त्या पावलालगत चाचपावे आणि पिशवी सुलटी करून बांधावी. चार-आठ दिवसांत हात सरावतो. वेळा मात्र काटेकोर पाळाव्यात. ज्याच्या पोटाची खात्री देता येते तोच कुत्रा लांबच्या प्रवासात आणि बैठकीत निर्धास्त राहू शकतो.

हार्नेस अंगावर असताना काम आणि तो उतरवल्यावर मोकळीक, ही सीमारेषा दोन्ही बाजूंनी पाळावी. कामाच्या वेळी लाड करू नयेत, हे सगळेच सांगतात. मोकळ्या वेळी काम सांगू नये, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. रोज थोडा वेळ त्याला चेंडूमागे धावू द्यावे, लोळू द्यावे, हुंगत फिरू द्यावे. ज्याला हुंगण्याची हक्काची वेळ आहे, तो रस्त्यात प्रत्येक कोपरा हुंगत बसत नाही.

हँडलमधून काय कळते

कुत्रा तुमच्या डाव्या बाजूला चालतो आणि हार्नेसचे ताठ हँडल तुमच्या डाव्या हातात असते. पट्टाही त्याच हातात, पण सैल. खांदा खाली सोडलेला, कोपर शरीरालगत आणि बोटांची पकड हलकी असावी. तुमची जागा कुत्र्याच्या मागच्या पायांच्या बाजूला, म्हणजे त्याच्यापेक्षा थोडी मागे. या एका पावलाच्या अंतरामुळे तो थांबला हे कळून तुम्हालाही थांबायला वेळ मिळतो. अधीर होऊन त्याच्या बरोबरीने चालू लागलात, तर तो कडेपाशी थांबेल आणि तुमचा पाय कडेच्या पुढे पडेल.

नव्या माणसाचा हात घट्ट होतो आणि मग नकळत तो हँडलने कुत्र्याला वळवू लागतो. याचा परिणाम वाईट होतो. दिशा माणूसच देतो आहे असे दिसले की कुत्रा स्वतः निर्णय घेणे सोडून देतो आणि हँडलच्या दाबाप्रमाणे चालू लागतो. मग एखाद्या दिवशी तो खांब चुकवत नाही आणि दोष त्याच्यावर येतो. कुत्र्याची ओढ हाताला सतत जाणवली पाहिजे, पण ती अडवू नये आणि वाढवूही नये. या ओढीतच त्याचे सगळे बोलणे असते. ओढ किंचित कमी झाली तर पुढे काही येते आहे. हँडल हळूच उजवीकडे झुकले तर तो वळसा घालतो आहे. पुढचा भाग वर उचलला गेला तर पुढचे पाय पायरीवर आहेत. आणि हँडल बारीक थरथरत एका बाजूला फिरले तर समोर बहुधा दुसरा कुत्रा किंवा मांजर आहे. ही यादी प्रत्येक जोडीची वेगळी असते, म्हणून दुसऱ्याच्या कुत्र्याचे संकेत पाठ करण्यापेक्षा आपल्या कुत्र्याने प्रत्येक अडथळ्यापूर्वी हाताला काय कळवले, ते त्या दिवशीची फेरी संपल्यावर आठवून पाहावे.

तुमच्याकडून जाणारा संदेशही तेवढाच स्पष्ट असावा. आज्ञा एकदाच, साध्या आवाजात द्यावी. आधी कुत्र्याचे नाव, मग शब्द, सोबत उजव्या हाताची खूण आणि त्या दिशेला वळलेले शरीर. तोंडाने ‘उजवीकडे’ म्हणत खांदे मात्र सरळच ठेवले, तर कुत्रा खांद्यांवर विश्वास ठेवतो, आणि त्याचे काही चुकत नाही. एकच आज्ञा चारदा दिली की पहिल्या तीन हाका ऐकण्याची गरज नाही, हे तो लवकर शिकतो. शाबासकी मात्र त्याच क्षणी द्यावी. कडेपाशी थांबल्याबरोबर उच्चारलेल्या एका आनंदी शब्दाचा जो उपयोग होतो, तो घरी गेल्यावर दिलेल्या मूठभर खाऊचा होत नाही.

कुत्रा थांबला, तर

माझ्या मते जोडीचे भवितव्य या प्रसंगाने ठरते. चालता चालता कुत्रा अचानक थांबतो. तुम्हाला उशीर झालेला असतो, वाट ओळखीची असते, इथे अडण्यासारखे काही नाही याची खात्री असते, आणि तोंडातून ‘पुढे’ निघून जाते. तो हलत नाही. तुम्ही पुन्हा म्हणता, हँडल रेटता. या ठिकाणी कुत्र्याने अखेर तुमचे ऐकले, तर त्याने एक धडा घेतला: थांबण्याला किंमत नाही.

म्हणून नियम असा ठेवावा की थांबण्याचे कारण शोधल्याशिवाय पुढची आज्ञा द्यायची नाही. आधी स्वतः जागेवर स्थिर व्हावे. मग उजवे पाऊल जमिनीवरून न उचलता पुढे सरकवावे. कड, पायरी, खड्डा, पाण्याचे डबके किंवा पसरलेली दोरी असेल तर ती तळव्याला कळते. पायाला काही लागले नाही तर उजवा हात चेहऱ्यापुढे धरून वरून खाली, नंतर आडवा, सावकाश फिरवावा. डोक्याच्या उंचीवर आलेली फांदी, मालवाहू गाडीचे मागे उघडे राहिलेले फळकूट, कोणी बाहेर ढकललेले खिडकीचे दार, या गोष्टी पांढऱ्या काठीला सापडत नाहीत. कुत्रा स्वतः त्यांच्याखालून आरामात जाऊ शकत असूनही तुमच्या उंचीचा हिशेब करून थांबलेला असतो. फांदी हाताला लागली की तिच्यावर दोन बोटे आपटून आवाज करावा, कुत्र्याचे तोंडभरून कौतुक करावे आणि मग बाजूने वाट काढण्याची आज्ञा द्यावी. आवाज करण्याचे प्रयोजन एवढेच की कौतुक कशाचे चालले आहे, हे त्याच्या लक्षात यावे.

कधी हाताला आणि पायाला काहीच लागत नाही. तेव्हाही रागावू नये. सायकल आडवी येऊन निघून गेली असेल, समोरून हातगाडी येत असेल, ओला रंग किंवा ओतलेले सिमेंट पुढे असेल. जवळ कोणाची चाहूल असेल तर विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. कोणी नसेल तर थोडे थांबून शांत आवाजात पुन्हा आज्ञा द्यावी. तो निघाला तर अडचण सरली असे समजावे. तो पुन्हा नकार देत असेल तर वाट बदलावी. आणि तो खरोखरच मांजर पाहत उभा असेल तर? हे पट्ट्याच्या हाताला कळते, कारण कामासाठी थांबलेला कुत्रा सरळ आणि स्थिर असतो, तर लक्ष विचलित झालेल्याची मान एकीकडे ताणलेली असते. मनात शंका असेल तेव्हा कुत्र्याच्या बाजूने निर्णय द्यावा. मांजरासाठी दोनदा फुकट थांबावे लागले तरी चालेल. खड्ड्यासाठीचे एक थांबणे मोडून काढले तर ते परवडणारे नाही.

वाहनाच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक वेगाने घडते. तुम्ही आवाज ऐकून ओलांडायला सुरुवात केलेली असते, आणि विजेवर चालणारी एखादी मोटार आवाज न करता वळणावरून आत येते. कुत्रा जागच्या जागी थांबतो, तुमच्या पुढ्यात आडवा होतो किंवा झटक्याने मागे सरकतो. अशा वेळी विचार करायला अवधी नसतो, त्यामुळे शरीराला आधीच शिकवून ठेवावे लागते: हँडल मागे आले की आपणही मागे, का ते नंतर. प्रशिक्षण केंद्रात दुसरा प्रशिक्षक मुद्दाम गाडी आडवी घालून हा सराव करून घेतो. तो एकदा जमला म्हणून पुरे समजू नये, पुन्हा पुन्हा मागून घ्यावा, आणि पुढे काही वर्षांनी संस्थेचा माणूस भेटीला येईल तेव्हाही तो करवून घ्यावा. प्रत्यक्ष प्रसंगानंतर कडेला परत येऊन कुत्र्याला शाबासकी द्यावी, आपला श्वास ठिकाणावर आणावा आणि दिशा नव्याने जुळवून मगच निघावे, कारण मागे सरकण्याच्या गडबडीत तोंड थोडे वळलेले असते आणि ते माणसाच्या ध्यानात येत नाही.

चूक झाल्यावर

कुत्रा चुकतो. तुमचा उजवा खांदा खांबावर आपटतो, कारण स्वतःपुरती वाट पाहताना तुमच्या रुंदीचा त्याला विसर पडलेला असतो. अशा वेळी तिथेच थांबावे. खांबावर हाताने थाप मारून तो कुत्र्याला दाखवावा, चार-सहा पावले मागे जावे आणि तीच वाट पुन्हा, थोडी सावकाश चालावी. या खेपेला तो दोघांसाठी जागा सोडून गेला की भरपूर कौतुक करावे. ओरडण्याने किंवा पट्टा हिसकण्याने खांब टाळायला शिकवता येत नाही. खांबाजवळ आले की माणूस चिडतो, एवढेच त्यातून कळते, आणि मग कुत्रा खांबाऐवजी तुम्हाला घाबरू लागतो. उलट, लागले तरी काही न बोलता पुढे गेलात तर खांद्याचा धक्का कामात बसतो असे तो मानतो. म्हणून दर वेळी मागे जाऊन तो तुकडा पुन्हा चालण्याचा कंटाळा करू नये, पावसात आणि घाईतही करू नये.

चुका एकाएकी वाढल्या तर शिस्तीचा विचार शेवटी करावा. आधी कुत्रा थकला आहे का, हार्नेस कुठे काचतो आहे का, कान दुखतो आहे का, जमीन तापली आहे का हे पाहावे. उन्हाच्या दिवसांत निघण्यापूर्वी हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. तुम्हाला जी उष्णता सोसत नाही ती त्याच्या पंजांनाही सोसत नाही. आपल्याकडेही पाहावे. मनावर ताण असेल, झोप झालेली नसेल, तर आज्ञा तुटक होतात, चाल बदलते आणि कुत्रा साशंक होतो.

एक प्रसंग मात्र वेगळा मानावा. दुसऱ्या कुत्र्याने हल्ला केला, वाहनाचा धक्का बसला किंवा मोठ्या स्फोटासारख्या आवाजाने कुत्रा हादरला, तर जखम दिसत नसली तरी त्या दिवसाचे काम थांबवावे, पशुवैद्याला दाखवावे आणि संस्थेला लगेच कळवावे. अशा भीतीमुळे चांगले कुत्रे काम सोडतात. ‘उद्या त्याच वाटेने नेले की भीती जाईल’ हा घरगुती उपाय करू नये. ती वाट पुन्हा कशी आणि कधी चालायची, हे प्रशिक्षकाने ठरवावे.

भोवतालची माणसे

हार्नेसमधल्या कुत्र्याला हात लावू नये, हाक मारू नये, चुचकारू नये आणि खायला देऊ नये, हे जाणाऱ्या-येणाऱ्यांना सांगावे लागते, आणि सांगण्याचा कंटाळा येतो. एक छोटे, ठरलेले वाक्य तयार ठेवावे व हसून म्हणावे: ‘तो आत्ता काम करतो आहे, त्याचे लक्ष गेले तर मी पडेन.’ मदत करणाऱ्या डोळस माणसाने हँडल किंवा पट्टा धरू नये, आधी विचारावे आणि तुमच्या उजव्या बाजूला यावे. ओळखीच्यांना कुत्र्याशी खेळायचे असेल तर हार्नेस उतरवून, तुमच्या परवानगीने, खुशाल खेळू द्यावे.

उतारवय आणि दुसरा कुत्रा

बहुतेक मार्गदर्शक श्वान आठ ते दहा वर्षांच्या वयापर्यंत काम करतात. निवृत्तीची चिन्हे हळूहळू येतात: चाल मंदावते, जिना चढताना तो घुटमळतो, कडेपाशी थांबण्याऐवजी कडेवर पाय ठेवून थांबतो, हार्नेस खाली धरला की पूर्वीसारखा धावत येऊन डोके घालत नाही. ज्याने इतकी वर्षे सांभाळले त्याच्या बाबतीत ही चिन्हे मान्य करणे फार जड जाते, आणि माणूस स्वतःच आपली चाल कमी करून, अवघड रस्ते टाळून त्याला सांभाळून घेऊ लागतो. असे होत आहे हे लक्षात आले की संस्थेकडून जोडीची तपासणी करून घ्यावी. म्हाताऱ्या कुत्र्यावर भरवशाचे ओझे टाकत राहणे हे त्याच्यावरचे प्रेम नव्हे.

दुसऱ्या कुत्र्याबरोबरचे पहिले महिने अनुभवी माणसालाही पहिल्यापेक्षा अवघड जातात. हाताला जुन्या हँडलची सवय असते. पहिला ओढ कमी करून सांगत असे, हा मान वळवून सांगतो, आणि ते उमजेपर्यंत नवा कुत्रा मठ्ठ वाटत राहतो. त्याला जुन्या नावाने हाक जाते तेव्हा वाईट वाटून घेऊ नये, पण दोघांची तुलना मोठ्याने, घरच्यांपुढेसुद्धा करू नये, कारण आवाजातली नाराजी कुत्र्याला शब्दांशिवाय कळते. जवळची, पाठ असलेली वाट घेऊन अगदी सुरुवातीपासून, म्हणजे खाणे, ब्रश, शौच आणि खेळ आपल्याच हाताने, असा क्रम पुन्हा धरावा. निवृत्त कुत्रा घरातच राहणार असेल तर त्याला फिरवायला कोण नेणार, नव्याला हार्नेस चढवताना त्याला कोणत्या खोलीत ठेवायचे आणि तुम्ही दोघे बाहेर पडल्यावर त्याच्यापाशी कोण बसणार, हे नवा कुत्रा घरी येण्याच्या आधी घरच्यांशी बोलून ठरवावे.